उपरण्याखालचा भाव

जळगावचं घर मी स्वतः विकायचं ठरवलं, त्याला कारण एकच. मला दलाल या माणसाचा मनापासून राग होता. प्लॉट घेताना जो दलाल मधे होता, त्यानं माझ्याकडून दोन टक्के घेतले, समोरच्याकडून दोन टक्के घेतले, आणि रजिस्टर ऑफिसात सह्या होईपर्यंत माझ्याच पैशानं चार वेळा चहा प्यायला. शिवाय मी मोजणी खात्यात कारकून. लोकांचे उतारे, नकाशे आणि हद्दी यांतच माझा दिवस जायचा. ज्याला दुसऱ्याच्या शेताच्या कोपऱ्यातली वीतभर जागा कागदावर सापडते, त्याला स्वतःचं दोन खोल्यांचं घर विकता येऊ नये? येईल की, असं मी बायकोला सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि पोळी लाटत राहिली.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. माझी धुळ्याला बदली होऊन वर्ष झालं होतं आणि आम्ही देवपुरात एका खोलीत भाड्यानं राहत होतो. घरमालक सकाळी अर्धा तास नळ सोडायचा आणि तेवढा वेळ कमरेवर हात ठेवून आमच्या बादल्या मोजत उभा राहायचा. दोन गल्ल्या सोडून एका निवृत्त मास्तरांचं घर विकाऊ होतं. ते मुलाकडे राहायला जाणार होते. एक लाख वीस हजार, एक पैसा कमी नाही, आणि आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, ते आमच्यासाठी थांबायला तयार होते. आखाजीनंतर दुसऱ्याला देऊन मोकळे होणार होते.

ते घर बायकोला हवं होतं. मला कुठलंही चाललं असतं, पण तिला तेच हवं होतं. त्या स्वयंपाकघरात उभ्यानं स्वयंपाक करायचा कडाप्प्याचा ओटा होता आणि ओट्यासमोर खिडकी. आमच्या जळगावच्या घरात ओटा नव्हता. बांधताना स्लॅबलाच पैसे संपले आणि ओटा पुढच्या वर्षावर गेला, तो अकरा वर्षं पुढच्या वर्षावरच राहिला. तिचे गुडघे दुखायचे. ती जमिनीवर बसून स्टोव्ह पेटवायची आणि उठताना भिंतीला हात लावायची. मास्तरांच्या घरात ती त्या ओट्यापाशी जाऊन नुसती उभी राहिली. मास्तरांच्या बायकोनं विचारलं, "काही हवं का?" तर म्हणाली, "नाही, उंची बघते." माझ्या हातात दुसरे पैसे नव्हते. फंड बहिणीच्या लग्नात उचलून झाला होता. जळगावच्या घराचे एक लाख वीस आले पाहिजेत, एवढंच सरळ गणित होतं.

मी एका पत्र्यावर स्वतः पाटी रंगवली. "हे घर विकणे आहे. मालक दर रविवारी भेटतील. किंमत समक्ष. दलालांनी येऊ नये." रविवारी पहाटेच्या गाडीनं पारोळा, एरंडोल करत मी जळगावला जायचो, कुलूप काढायचो, दोन खुर्च्या अंगणात मांडायचो आणि बसायचो.

पहिल्या रविवारी तीन माणसं आली आणि तिघंही दलाल होते. त्यातला एक फारच सभ्य होता. पाटी वाचून म्हणाला, "साहेब, तुम्हाला दलालांचा त्रास होतोय असं दिसतं. तुम्ही फक्त माझ्याकडे द्या, बाकीचे मी थांबवतो." मी त्याला हाकललं. तो जाताना फाटक नीट लावून गेला, त्यानं मला आणखी राग आला.

पुढचे रविवार तर विचारू नका. लोक घर बघायला येत, पण घर बघत नसत. एक बाई आल्या आणि थेट हातपंपापाशी गेल्या, शंभर वेळा हापसून पाणी काढलं, चव घेतली आणि गेल्या. एका गृहस्थांनी होकायंत्र आणलं होतं. ते प्रत्येक खोलीत मधोमध उभे राहून मान हलवत, आणि ती होकाराची की नकाराची, हे मला शेवटपर्यंत समजलं नाही. एक जोडपं जेवणाच्या वेळी आलं, पंखा लावायला सांगितला, ऊन उतरेपर्यंत बसलं आणि म्हणालं, गार आहे घर. भाव कोणी विचारेना. विचारला तर मी सांगणार होतो. आरशासमोर उभं राहून मी सरावसुद्धा केला होता, "एक लाख तीस", मग थोडं थांबून, "तुमच्यासाठी पंचवीस", मग नाइलाज झाल्यासारखं तोंड करून, "जाऊ द्या, वीस." शेजारी मात्र दर रविवारी नवा आकडा सांगत. पलीकडचं घर लाखाच्या वर गेलं, एवढंच गल्लीत सगळ्यांना नक्की माहीत होतं. वर म्हणजे किती, ते प्रत्येकाचं वेगळं होतं.

होळीच्या आदल्या रविवारी मी बायकोला बरोबर नेलं. घरात जळमटं फार झाली होती आणि आलेल्या माणसाला निदान चहा तरी मिळावा, असा माझा विचार. तिला म्हटलं, "तू आत राहा, बोलणं मी करतो." ती आत राहिली. हे वाक्य मी मुद्दाम लिहितो आहे, कारण त्याचा मला नंतर फार पश्चात्ताप झाला.

अकराच्या सुमाराला एक म्हातारे शेतकरी आले. एदलाबादकडचे, त्या गावाला आता मुक्ताईनगर म्हणतात. केळीवाले. अंगात स्वच्छ पांढरा सदरा, खांद्यावर उपरणं, पायात करकरणाऱ्या वहाणा. नात जळगावला कॉलेजात जाणार होती, पाठोपाठ नातूही येणार होता, म्हणून त्यांना घर हवं होतं. त्यांनी घर मात्र खरंच पाहिलं. भिंतीवर बोटानं टकटक केलं, गच्चीवर चढले, खाली येऊन मोरीत तांब्याभर पाणी ओतलं आणि ते कुठून बाहेर पडतं ते बघायला मागे गेले. मग अंगणात येऊन खुर्चीवर बसले. "घर चांगलं हाये," म्हणाले, "मनापासून बांधेल दिसते." मला इतकं बरं वाटलं की आरशासमोरचा सगळा सराव तिथंच सांडला.

"आता भावाचं बोलू," मी म्हटलं.

"बोलू ना," ते म्हणाले. "हात द्या."

मला वाटलं, हात मिळवायचा आहे. मी हात पुढे केला. त्यांनी तो धरला आणि दुसऱ्या हातानं खांद्यावरचं उपरणं काढून दोघांच्या हातांवर टाकलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत, हे मी लांबून पाहिलं होतं. दोघं जण रुमालाखाली हात घालतात, एकमेकांची बोटं दाबतात, आजूबाजूला शंभर माणसं असली तरी आकडा त्या दोघांतच राहतो. पण माझे वडील शाळेत शिपाई. आमच्या घरात बैल कधी आलाच नाही. बोटांचा हिशोब मला कोण शिकवणार?

"शेजारी आयकतात," ते हळूच म्हणाले. समोरच्या ओसरीवर शेजारी पेपर उलटा धरून बसले होते, हे खरंच होतं. "वरचं तं तुमाले मालूम हाये. खालचं हे." आणि उपरण्याखाली त्यांनी माझा हात दाबला. त्यांचा पंजा खरखरीत, गरम होता. वरचं म्हणजे लाख, आणि त्यापुढचं काहीतरी दाबलं गेलं, एवढं मला कळलं. किती, ते कळलं नाही.

इथं कुठलाही शहाणा माणूस म्हणाला असता की बाबा, मला यातलं कळत नाही, तोंडानं सांग. मीही म्हणणार होतो. पण ते माझ्याकडे बरोबरीच्या माणसाकडे बघावं तसे बघत होते. मी सरकारी माणूस, घराचा मालक, दलालांना मनाई करणारा. मला कळत नाही, हे तीन शब्द माझ्या तोंडातून निघेनात. वाटलं, आत्ता मान हलवू, वेळ मारून नेऊ, पुढं बोलण्यात आकडा येईलच. मी म्हणालो, "हो. चालेल."

ते जरा थबकले. माझ्या चेहऱ्याकडे त्यांनी नीट पाहिलं. मग हात सोडला, उपरणं झटकून खांद्यावर टाकलं आणि कमरेच्या पिशवीतून विसाराचा सव्वा रुपया काढून माझ्या तळहातावर ठेवला. "झालं मंग," म्हणाले. "आखाजीच्या आदी कागद करून घेऊ." बायको चहा घेऊन आली तेव्हा त्यांनी गुळाचा खडा मागून घेतला, अर्धा मला दिला, अर्धा स्वतः खाल्ला. बायको हसली. मीही हसलो. घर विकलं गेलं होतं आणि कितीला विकलं, हे त्या अंगणात एकाच माणसाला माहीत होतं. तो मी नव्हतो.

परतीच्या गाडीत बायकोनं विचारलं, "कितीला ठरलं?" मी म्हटलं, "होईल आपलं काम." ती खिडकीतून बाहेर बघायला लागली. एरंडोल आल्यावर म्हणाली, "मास्तरांच्या ओट्याखाली एक फळी टाकता येईल." मी डोळे मिटून झोपल्याचं सोंग घेतलं.

त्यानंतरचे तीन आठवडे माझे फार वाईट गेले. मी म्हाताऱ्यांना कार्ड लिहिलं, "आपल्यात ठरलेल्या रकमेबाबत आपली तयारी कोठवर आली आहे ते कळवावे." नातीच्या सुरेख अक्षरात उत्तर आलं, "ठरल्याप्रमाणे सर्व रक्कम तयार आहे. काळजी नसावी." मी दुसरं कार्ड टाकलं, "ठरलेली रक्कम कृपया आकड्यात व अक्षरी कळवावी, कार्यालयीन कामासाठी हवी आहे." उत्तर आलं, "आजोबा म्हणतात, हातावर झाले ते झाले. त्यात एक पैसा कमी होणार नाही." ते कार्ड मी इतक्या वेळा वाचलं की पाठ झालं. एक पैसा कमी होणार नाही. पण कशात?

कचेरीत एक म्हातारे शिपाई होते, त्यांना सगळे नाना म्हणत. त्यांचं घर शेतीचं. मी त्यांना बाजूला घेऊन सहज विचारल्यासारखं विचारलं, "नाना, हे रुमालाखाली बोटं दाबतात, ते कसं असतं?"

"साहेब, तुम्ही बैल ली राहिनात का?" नानांनी मोठ्यांदा विचारलं. चार टेबलांवरच्या माना वर झाल्या. मी म्हटलं, नाही, उगाच. नानांनी माझा हात धरून दाखवलं. अख्खा पंजा म्हणजे पाच, दोन बोटं म्हणजे दोन, बोटाचं पेर धरलं तर आणखी काहीतरी. मग ते म्हणाले की हे त्यांच्या बाजारातलं, दुसऱ्या बाजारात दुसरं असू शकतं. मी घरी जाऊन आठवायला बसलो. म्हाताऱ्यांनी पंजा धरला होता की चार बोटं? अंगठा आत होता की बाहेर? एकदा दाबलं की दोनदा? जितकं आठवायला जावं तितका माझा हात मलाच अनोळखी वाटायला लागला. लाख पाच असेल, लाख पंचवीस असेल, लाख चार सुद्धा असेल. चार वाजता वाटायचं पंचवीसच, म्हातारा माणूस चांगला होता. सहा वाजता वाटायचं, चार. आणि कचेरीत दोन दिवसांत बोभाटा झाला की साहेब नोकरी सोडून शेती करणार आहेत. एकानं मला बैल घेताना दात कसे बघायचे तेही सांगितलं.

चौथ्या रविवारी मी जळगावला फक्त पाटी काढायला गेलो. पाटी काढत असतानाच स्कूटरवरून एक औषधांचे दुकानदार आले. घर फिरून पाहिलं, पाच मिनिटांत. आणि सरळ तोंडानं, स्वच्छ आवाजात, शेजाऱ्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "एक लाख वीस. रोख. उद्या इसार देतो."

इतका सुंदर आकडा मी आयुष्यात ऐकला नव्हता. आणि मला त्यांना उत्तर देता येईना. घर विकलंय म्हणावं, तर कितीला ते माहीत नाही. विकलं नाही म्हणावं, तर सव्वा रुपया माझ्या पाकिटात होता. मी म्हटलं, "विचार करून बुधवारपर्यंत कळवतो." ते म्हणाले, "यात विचार कसला?" त्यांचं बरोबर होतं.

धुळ्याला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. बायको तांदूळ निवडत होती. मी चप्पलसुद्धा न काढता दारात बसलो आणि सगळं सांगून टाकलं. उपरणं, हात, कार्डं, नाना, दुकानदार, सगळं. तिनं ताट खाली ठेवलं. रागावली की ती माहेरच्या बोलीत जाते. शिरपूरकडची अहिराणी.

"तुमले समजनं नही, ते इचारं काबर नही?"

ती उठली, माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "हात आना." मी हात दिला. तिनं त्यावर पदर टाकला. लग्नाला सोळा वर्षं झाली होती. आम्ही एकमेकांचा हात असा कधी धरला नव्हता, आमच्यात ती पद्धतच नव्हती, आणि घरमालक समोरच्या पायरीवर बसलेला. पण ती त्या वेळी तिच्या वडिलांची मुलगी होती. ते बैलांचे जाणकार होते, गावोगावच्या बाजारांना जायचे. "मन्हा बापनी माले शिकाडेल शे," एवढंच ती म्हणाली आणि माझी दोन बोटं दाबली. "असं?"

"नाही."

"असं?" चार बोटं.

"नाही वाटतं."

तिनं अख्खा पंजा एकदाच घट्ट धरला आणि सोडला. माझ्या हातानं तो ओळखला. इतके दिवस डोकं आठवत बसलं होतं आणि हाताला ठाऊक होतं. "हेच," मी म्हटलं. "असंच."

तिनं पदराखालून हात काढून घेतला. "पाच," म्हणाली. "एक लाख पाच."

"पंचवीस नाही?"

"पंचवीसला आधी दोन बोटं येतात." मग तिनं विचारलं, "तुम्ही काय म्हणालात?"

"चालेल म्हणालो."

"पहिला हातले कोन हा म्हनस?" हे ती माझ्याशी बोलत नव्हती, भिंतीशी बोलत होती. पहिला हात हा नाही म्हणण्यासाठीच असतो, हे तिनं मला मग समजावून सांगितलं. घेणारा कमी दाबतो, देणारा नाही म्हणून मान हलवतो आणि स्वतः वर दाबतो, असं चार-पाचदा होतं आणि मधे कुठंतरी दोघं थांबतात. तिचे वडील एका जोडीसाठी अर्धा तास हात सोडत नसत. मी पहिल्याच दाबाला हो म्हणून पंधरा हजार घालवले होते. तो माझा आठ-नऊ महिन्यांचा पगार होता.

मी लगेच शहाणपण सुरू केलं. कागद नाही, स्टॅम्प नाही, साक्षीदार नाही. कायद्यानं ही गोष्ट घडलेलीच नाही, आणि कायदा तिला शिकवणारा मी, तीच नोकरी करणारा. उद्या सव्वा रुपया मनिऑर्डरनं परत पाठवू, दुकानदाराला हो म्हणू, आखाजीला मास्तरांच्या घरात. मी बराच वेळ बोललो. मला ते सगळं पटत होतं.

"हा म्हनात ना तुम्ही?" ती म्हणाली.

"म्हणालो, पण मला कळलं नव्हतं."

"त्यास्ले ते काय माहीत? हा म्हनात ना? मंग जयं." जयं, म्हणजे झालं, सौदा झाला.

मी म्हटलं, अगं, ओटा तुझ्यासाठी. ती म्हणाली, माहीत आहे. तिनं ताट पुन्हा मांडीवर घेतलं. मला तिचा राग आला, हे खरं सांगायला हवं. माझी चूक मी निस्तरायला तयार होतो आणि ती निस्तरू देत नव्हती. दोन दिवस आम्ही बोललो नाही. बुधवारी मी दुकानदाराला नकाराचं कार्ड टाकलं. टाकताना मी चांगला माणूस आहे की मूर्ख, हे मला ठरवता येत नव्हतं. मास्तरांना सांगायला मात्र मी गेलो नाही. मनात कुठंतरी वेडी आशा होती की रजिस्टर ऑफिसात काहीतरी होईल, बायकोचा पाच चुकीचा निघेल, त्या बाजारातला पाच म्हणजे वीस असेल.

आखाजीला आठ दिवस असताना खरेदीखत झालं. जळगावचं ऊन तेव्हा असं असतं की सावलीतसुद्धा माणूस सावली शोधतो. कचेरीबाहेरच्या कडुनिंबाखाली आम्ही चौघं बसलो होतो. म्हातारे, त्यांची बायको, मी आणि माझी बायको. दस्त लिहिणाऱ्यानं मसुदा वाचून दाखवला. चतुःसीमा, हातपंप, दोन खोल्या. मग आकडा. एक लाख पाच हजार, अक्षरी एक लाख पाच हजार फक्त. माझ्याच घराची किंमत मी पहिल्यांदा मोठ्यानं ऐकली. म्हाताऱ्यांनी मान हलवली. मीही हलवली.

लिहिणारा शिक्का आणायला आत गेला. म्हातारे उपरण्यानं तोंड पुसत माझ्याकडे सरकले. "भाऊ, एक इचारू? राग नका मानजा."

"विचारा ना."

"मी चाळीस वर्सं बजारात हात घालतो. पह्यल्या हाताले हो म्हननारा मानूस मले भेटला नई. मी तं वीसपरेंत जायाची तयारी करून आलतो." ते हे अगदी साधेपणानं सांगत होते. "घरी जाऊन मी हिले म्हनलं, त्या घरात कोनी बिमार असीन. नई तं मानूस असं नई करत. मंग वाटलं, गरजवाल्या मानसाले जास्त इचारून लाजवू नये. म्हनून चूप राह्यलो. तुमचं दोनदा कारड आलं, तवा तं खात्रीच झाली, याले पैशाची घाई हाये." त्यांच्या बायकोनं माझ्या बायकोच्या पाठीवर हात ठेवला होता. म्हातारे आता तिच्याकडे वळले. "बाई, खरं सांगा. घरात दुखनं असीन तं वरचे पंधरा मी आताबी देतो. घरूनच आनेल हायेत. मले काई जड नई. कोन बिमार हाये?"

पंधरा हजार त्यांच्या पिशवीत होते. मधे होतं ते एवढंच, की मी सांगायचं, आबा, कोणी आजारी नाही, मला हाताचा भाव कळत नाही आणि कळत नाही म्हणायची लाज वाटली. ते हसले असते. माझ्या पाठीवर थाप मारली असती आणि पैसे दिले असते, कारण तो तसा माणूस होता, हे मला तेव्हाही कळत होतं. बायको शब्द मोडणार नव्हती, पण हे शब्द मोडणं नव्हतं. हे फक्त खरं बोलणं होतं, आणि ते माझं काम होतं, तिचं नव्हतं. मी शाईच्या पॅडकडे बघत राहिलो. त्यावर माशी बसली होती.

"आता बरं आहे, आबा," बायको म्हणाली. "आता काही नको."

"देवाची किरपा," ते म्हणाले, आणि त्यांना खरोखर बरं वाटलं.

लिहिणारा आला. मी तीन ठिकाणी सह्या केल्या. त्यांच्या बायकोनं माझ्या बायकोची ओटी भरली, नारळ आणि खण, आणि तिला जवळ घेऊन म्हणाली, "जीव सांभाळजो." बायकोनं वाकून नमस्कार केला. मास्तरांचं घर आखाजीनंतर एका कंत्राटदारानं घेतलं. आम्ही धुळ्यात पुढं नऊ वर्षं भाड्यानं राहिलो आणि ती खाली बसूनच स्वयंपाक करत राहिली.

तिनं त्या दिवशी मला वाचवलं, असं मी बरीच वर्षं समजत होतो. चारचौघांत नवऱ्याची मान खाली जाऊ दिली नाही, असं. आता तेवढी खात्री वाटत नाही. कारण "आता बरं आहे" म्हणण्याआधी ती लगेच बोलली नव्हती. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं होतं. किती वेळ, ते मला नीट सांगता येत नाही, पण मला बोलायला पुरेल इतका वेळ होता.